तबेल्यातला कॉन्स्टेबल, कोटावरचा कोतवाल



वाशीमहून पुसदकडे जाताना रस्त्यात अनसिंग लागतं. गाव बऱ्यापैकी मोठं. बाजार आहे, पोलीस ठाणं आहे, तलाठ्याचं कार्यालय आहे. ठाण्यात कॉन्स्टेबल असतो आणि तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल. निवडणुकीच्या किंवा यात्रेच्या बंदोबस्ताला हे दोघं एकाच टपरीवर चहा पिताना दिसतात. आता यात सांगण्यासारखं काय, असं आपण म्हणाल. पण यातल्या एकाच्या पदाचं नाव रोमन बादशहाच्या तबेल्यातून निघालेलं आहे आणि दुसऱ्याचं किल्ल्याच्या कोटावरून. मधल्या काळात दोन्ही नावांनी असं वैभव पाहिलं, की राजे-सरदार त्या पदासाठी भांडले. आज दोन्ही नावं आपापल्या खात्याच्या अगदी खालच्या पायरीवर उभी आहेत. त्या प्रवासाबद्दल मला आज बोलायचं आहे.

मी या गावात बरीच वर्षं इतिहास शिकवला. एकदा आठवीच्या वर्गात पेशवाईतल्या पुण्याचा विषय निघाला आणि घाशीराम कोतवालाचं नाव आलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, कोतवाल तं सायबाचे कागद नेते अन् दवंडी देते. मंग त्याले लोक एवढे भेत कायले होते?" वर्ग हसला. त्या मुलाचे वडीलच गावचे कोतवाल होते, म्हणून जरा जास्तच हसला. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

आधी कॉन्स्टेबलकडे जाऊ, कारण तो लांबून आला.

लॅटिन भाषेत 'कोमेस' म्हणजे सोबती. बादशहाबरोबर वावरणारा, त्याच्या पंगतीतला माणूस तो कोमेस. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहानं या सोबत्यांच्या रीतसर श्रेणी लावल्या आणि 'सोबती' हा सरकारी हुद्दा झाला. मग कामाप्रमाणे त्याला शेपूट जोडलं गेलं. तबेल्याला लॅटिनमध्ये 'स्टॅब्युलम' म्हणतात. बादशाही घोड्यांची व्यवस्था पाहणारा तो 'कोमेस स्टॅब्युली'. म्हणजे तबेल्यावरचा सोबती! नुसत्या 'कोमेस'पासून युरोपात 'काउंट' ही सरदारी पदवी झाली, आणि 'कोमेस स्टॅब्युली'चा उच्चार झिजत झिजत कॉन्स्टेबल झाला.

रोमचं पश्चिमेकडचं राज्य बुडालं, पण नाव बुडालं नाही. फ्रँक राजांनी ते उचललं. पुढचं सगळं घोड्यामुळे घडलं. मध्ययुगात लढाई म्हणजे घोडदळ. ज्याच्या हातात घोडे, त्याच्या हातात फौज. त्यामुळे तबेल्यावरचा हा अधिकारी फ्रान्समध्ये चढत चढत राजाच्या साऱ्या सैन्याचा सेनापती होऊन बसला. तो इतका मोठा झाला, की शेवटी राजसत्तेलाच त्याची अडचण वाटू लागली आणि १६२७ मध्ये, रिशल्यूच्या काळात, ते पद कायमचं बंद केलं गेलं. इंग्लंडातही 'लॉर्ड हाय कॉन्स्टेबल' हे थोर पद होतं. ते धारण करणाऱ्या बकिंगहॅमच्या ड्यूकचा १५२१ मध्ये शिरच्छेद झाला, आणि तेव्हापासून तिथं हे पद फक्त राज्याभिषेकाच्या दिवसापुरतं भरलं जातं. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकालाही एका दिवसाचा लॉर्ड हाय कॉन्स्टेबल नेमला होता.

पण वर हे चाललं असताना खाली दुसरंच चाललं होतं. राजाचा एक कॉन्स्टेबल, तर प्रत्येक किल्ल्याचा एक कॉन्स्टेबल, मग परगण्याचा एक, आणि शेवटी प्रत्येक खेड्याचा एक. इंग्लंडातला खेड्याचा कॉन्स्टेबल म्हणजे गावकऱ्यांतूनच वर्षभरासाठी धरून आणलेला बिनपगारी माणूस. चोर पकडायचा, भटक्यांना हद्दीबाहेर घालवायचं, वॉरंट बजावायचं. हे काम लोकांना नकोसं असे. ऐपत असलेला माणूस पैसे देऊन बदली उभा करी. शेक्सपिअरच्या नाटकातला डॉगबेरी हा याच जातीचा कॉन्स्टेबल, धड शब्द न बोलता येणारा, सगळ्यांनी हसावं असा. १८२९ मध्ये लंडनचं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा शिपायासाठी हेच नाव घेतलं गेलं. तिथून ते १८६१ च्या पोलीस कायद्याच्या आगेमागे आपल्याकडे आलं आणि खेड्यापाड्यांतल्या ठाण्यांपर्यंत पोहोचलं. आपण त्याला शिपाई म्हणतो. तो शब्दही एके काळी लढवय्या सैनिकाचा, आणि आज कचेरीत घंटा वाजली की उठणाऱ्या माणसाचा.

आता आपला कोतवाल.

'कोट्टपाल' म्हणजे कोट राखणारा, किल्ल्याचा रक्षक. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज नावाचं एक लहानसं मंदिर आहे. तिथल्या ८७६ सालच्या शिलालेखात आकड्यांमध्ये शून्य कोरलेलं आहे, म्हणून गणिताचे अभ्यासक जगभरातून ते पाहायला येतात. त्याच शिलालेखात अल्ल नावाचा अधिकारी भेटतो. प्रतिहार राजा भोजाचा तो या किल्ल्यावरचा कोट्टपाल. शून्य पाहायला येणारे लोक या कोतवालाकडे बघतही नाहीत, पण मला विचाराल तर तोही दर्शनाला योग्य आहे.

मोगलाईत हा कोटपाल शहराचा मालकच झाला. 'ऐने-अकबरी'मध्ये कोतवालाच्या कामांवर एक वेगळं प्रकरण आहे. घरांची नोंद ठेवायची, शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर माणूस नेमायचा, आलेल्या-गेलेल्याची खबर ठेवायची, रात्रीची गस्त घालायची, बाजारातली वजनं-मापं आणि भाव बघायचे, बेवारशी मालाची व्यवस्था लावायची, हेर बाळगायचे. म्हणजे आजचा पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, पुरवठा अधिकारी आणि वजनमाप निरीक्षक एकाच माणसात! अशा माणसाला लोक का भीत, हे वेगळं सांगायला नको. पुण्यात नाना फडणवीसांच्या काळातल्या घाशीरामाच्या हातात हीच सत्ता होती. तिचा अतिरेक झाला आणि १७९१ मध्ये खवळलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं, "तुझ्या बाबांच्या आणि घाशीरामाच्या पदाचं नाव एक आहे. सत्ता मात्र मधेच कुणीतरी काढून घेतली." पुढे १८५७ च्या उठावाआधी काही काळ दिल्लीचे कोतवाल होते गंगाधर नेहरू, जवाहरलालजींचे आजोबा. 

मग सत्ता काढून कुणी घेतली? १८६१ च्या कायद्यानं जिल्ह्याचं पोलीस दल सुपरिंटेंडंटच्या हाती गेलं, ठाण्यावर इन्स्पेक्टर आला. बाजाराचा कारभार नगरपालिकेकडे गेला. शहरातल्या कोतवालाला करायला काही उरलं नाही. गंमत अशी, की इमारतीचं नाव मात्र टिकलं. आमच्या अकोल्यात सिटी कोतवाली पोलीस ठाणं आहे, अमरावतीला आहे, नागपुरातही कोतवाली आहे. एकाही ठिकाणी कोतवाल बसत नाही. आणि खेड्यात कोतवाल आहे, तर त्याला कोतवाली नाही!

तो खेड्यात कसा पोहोचला, हे खरं महत्त्वाचं. मध्य प्रांतात गावच्या राखणदाराला 'कोटवार' म्हणत. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आजही म्हणतात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, तेव्हा आपणही त्या कारभाराचे शेजारी झालो. इकडे मराठी मुलखात गावकीची खालची कामं वतनी होती आणि ती बहुतेक महार समाजाच्या माथी होती. सारा तालुक्याला पोचवणं, निरोप नेणं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं, बेवारशी प्रेताची राखण करणं, दिवस नाही, रात्र नाही. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि घरोघरचं बलुतं. या वतनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामगिरीच मानलं आणि १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ते तेव्हा तडीला गेलं नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. तोवर विदर्भही मुंबई राज्यात आला होता. वतन गेलं, कामं राहिली. ती करायला सरकारनं नेमलेला माणूस आला आणि त्याचं पदनाम ठरलं कोतवाल. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तलाठ्यानंतर त्याचा उल्लेख आहे.

वेठीचा डाग असलेलं जुनं नाव पुसून त्या जागी एक भारदस्त नाव ठेवलं, हे मला चांगलंच वाटतं. पण नावाबरोबर पगार, बढती, निवृत्तिवेतन द्यायला हवं होतं. ते आलं नाही. कोतवालाला वेतनश्रेणी नाही, मानधन. ते वर्षानुवर्षं इतकं तुटपुंजं होतं, की घर शेतमजुरीवर चाले. २०२३ मध्ये ते दरमहा १५,००० रुपये झालं आणि पुढच्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ झाली. चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा, ही त्यांची मागणी जुनी आहे, आणि तिच्यासाठी ते अनेकदा रस्त्यावर बसले आहेत. आमच्या गावात पूर यावा, गारपीट व्हावी, पंचनाम्याला पहिला पाय त्याचाच. मतदान केंद्राची खोली उघडून झाडायला तोच. अशा माणसाला अकबराच्या अधिकाऱ्याचं नाव आणि मजुराचं उत्पन्न द्यायचं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

असं फक्त कोतवालाचंच झालं असं नाही. शिवकाळात हवालदार म्हणजे किल्ल्याचा प्रमुख अधिकारी, आज तो ठाण्यातला जमादार. सुभेदार म्हणजे अख्ख्या सुभ्याचा कारभारी, आज फौजेतला कनिष्ठ अधिकारी. आपल्या वाशीमला वाकाटकांची राजधानी होती, तेव्हा तिचं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावात 'भट' आणि 'छात्र' यांनी शिरू नये अशी सूट येते. अभ्यासक त्यांचा अर्थ शिपाई आणि पोलीस असा लावतात. आज भट म्हणजे भिक्षुक आणि छात्र म्हणजे विद्यार्थी! उलट चढलेली नावंही आहेत. इंग्रजीतला 'मिनिस्टर' हा मुळात लॅटिनमधला चाकर. तो कुठवर चढला ते आपण रोज पाहतोच.

नावं का घसरतात? माझं मत असं, की घसरत नाव नसतं, सत्ता सरकत असते. सत्ता एका खुर्चीतून उठून दुसरीत जाऊन बसते आणि जुन्या खुर्चीवर जुनी पाटी तशीच राहते. शिवाय मोठं नाव फुकट असतं. पगार वाढवण्यापेक्षा नाव वाढवणं तिजोरीला परवडतं. रोमनांना हे ठाऊक होतं. आपल्या सरकारांनाही ठाऊक आहे.

१९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. वऱ्हाडचा राजपुत्र! तेव्हा वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हातात होता. या राजपुत्राला वऱ्हाडातल्या एका पटवाऱ्याची बदलीही करता आली नसती.

काही पदांना मात्र वेगळी गती मिळते. काम गेलं की ती आडनावं होतात. देशमुख-देशपांड्यांचे परगणे गेले, मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, आडनावं राहिली. देशमुख आमच्या वऱ्हाडात ब्राह्मण आहेत, मराठे आहेत, मुसलमानही आहेत. कोतवाल हे आडनावही आहे. १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे भाई कोतवाल आपल्याला माहीत असतात. इंग्लंडात कॉन्स्टेबल आडनावाचा एक मोठा निसर्गचित्रकार होऊन गेला. तबेल्याशी त्याचा संबंध चित्रातल्या घोड्यांपुरताच.

अलीकडे राज्य शासनानं कोतवालाचं पदनाम बदलून 'महसूल सेवक' केलं. तलाठीही आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' झाला आहे. आमच्याकडे त्याला अजून पटवारीच म्हणतात, ही गोष्ट निराळी. नवं नाव आलं तेव्हा गावच्या कोतवालांना मी विचारलं, "कसं वाटते भाऊ?" ते सायकलला पिशवी अडकवत होते. पिशवीत नोटिसा होत्या. म्हणाले, "गुर्जी, नाव तं चांगलं हाय. पण श्रेणीचं काई त्या कागदात लिहेल नाई ना. म्या दोनदा वाचला."