डोंगर परदेशी, तारखा घरच्या

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकणाऱ्या माणसाचे पाय पक्के असतात, दमही चांगला असतो. घसाऱ्यावरून उतरणं, रॉक पॅचवर तोल सांभाळणं, पावसात वाट काढणं हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण त्याच्या शरीराला विरळ हवेची ओळख नसते. नेपाळमधल्या नामचे बाजारला तो पोचतो, तेव्हा ३४४० मीटरवर असतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक तिथे जेमतेम सुरू झालेला असतो.

परदेशातल्या डोंगरात अपघात झाला की चर्चा दोर, बूट आणि हवामानाची होते. ती व्हायलाच हवी. पण अशा कितीतरी अपघातांचं मूळ घरच्या टेबलावर सापडतं. रजा किती दिवसांची टाकली, परतीचं विमान कोणत्या तारखेचं घेतलं आणि मध्ये एकही मोकळा दिवस न ठेवता कार्यक्रम कसा बसवला, तिथेच.

टांझानियातल्या किलिमांजारोचं उदाहरण बघण्यासारखं आहे. आफ्रिकेतलं हे सर्वांत उंच शिखर ५८९५ मीटरचं. चढायला दोर लागत नाही, चालत जाता येतं, म्हणून आपल्याकडून दरवर्षी हौशी मंडळी तिकडे जातात. मरांगू नावाच्या वाटेचा सर्वांत छोटा कार्यक्रम पाच दिवसांचा असतो. प्रवेशद्वार साधारण १८८० मीटरवर. पहिला मुक्काम मंदारा इथे २७२० मीटरवर, दुसरा होरोंबोला ३७२० वर, तिसरा किबोला ४७२० वर. तिथून मध्यरात्री हेडलॅम्पच्या उजेडात शिखराकडे निघायचं. आता याच्याशेजारी डॉक्टरांचा नियम ठेवा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. पाच दिवसांच्या कार्यक्रमात मुक्काम रोज हजार मीटरनं वर जातो. माणूस कितीही धडधाकट असला, तरी हा हिशेब त्याच्या विरुद्धच जातो. त्याच वाटेवर होरोंबोला एक दिवस जास्त थांबून सहा दिवसांत जाता येतं. लेमोशो वाटेनं सात-आठ दिवस लागतात. उद्यानाचं शुल्क दिवसावर असल्यामुळे जास्त दिवस म्हणजे जास्त खर्च, हे खरं. पण बचत करायचीच असेल तर ती हॉटेलात करावी, डोंगरावरच्या दिवसांत करू नये.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोचले, हे अनेकांना आठवत असेल. अशा मोहिमांत माणसं कित्येक आठवडे वरच्या तळावर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात आणि शरीराला सवय लावतात. सवय न लावता वर जाण्याची सवलत डोंगर मुरलेल्या गिर्यारोहकालाही देत नाही, मग पहिल्यांदा जाणाऱ्यानं ती का मागावी?

उंचीचा त्रास सुरू होतो तो अगदी साध्या तक्रारींनी. डोकं दुखतं, जेवण जात नाही, मळमळतं, झोप लागत नाही. बहुतेक जण म्हणतात, ऊन लागलं असेल, पाणी बाधलं असेल. इथे सरळ नियम पाळावा: उंचीवर डोकं दुखायला लागलं, तर दुसरं कारण ठरेपर्यंत ते उंचीमुळेच दुखतंय असं धरावं आणि त्या दिवशी पुढे चढू नये. त्रास वाढला तर खाली उतरावं, रात्र असली तरी.

यापुढची दोन रूपं जिवावर बेतणारी आहेत. एकात फुप्फुसांत पाणी साचतं. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येते आणि माणूस बरळायला लागतो, चालताना झोकांड्या खातो. हे दुसरं ओळखण्यासाठी वाटाड्ये एक चाचणी घेतात, ती प्रत्येकाला करता आली पाहिजे. लॉजच्या फळ्यांच्या जमिनीवर दोन फळ्यांमधली सरळ फट बघायची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत त्या फटीवरून दहा-बारा पावलं चालायला सांगायचं. दारू न घेतलेला माणूस तिथे डगमगला, हात पसरून तोल सावरायला लागला, तर चर्चा थांबवायची. त्याला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यायचं, एकट्याला कधीही पाठवायचं नाही. सोबत उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या असतात, पण त्या निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं. गोळी घेतली म्हणजे त्रास अंगावर काढत वर जायला परवानगी मिळाली, असं मात्र मुळीच नाही.

एव्हरेस्टकडे जाणाऱ्या खुंबूच्या वाटेवर फेरिचे नावाच्या गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे. ही संस्था १९७३ पासून हेच काम करते आहे. ट्रेकिंगच्या हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि ट्रेकर्सना उंचीच्या आजाराबद्दल समजावून सांगतात. वाटेत थांबून हे ऐकावंच. पण त्रास सांगताना आपल्या मंडळींचा मोठा दोष आहे तो संकोचाचा. बारा जणांच्या ग्रुपमध्ये एकाला रात्रभर उलट्या होतात आणि सकाळी तो म्हणतो, ‘आता बरं आहे.’ माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, हा त्यामागचा विचार. ग्रुपच्या म्होरक्यानं रोज सकाळी प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन विचारलं, तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

साहसाला म्हणून न जाणारेही या संकटात सापडतात. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला जाणारे यात्रेकरू तराईतल्या नेपाळगंजहून छोट्या विमानानं सिमिकोटला आणि तिथून हेलिकॉप्टरनं सीमेवरच्या हिल्साला जातात. दीडशे मीटरवरचा माणूस थोड्याच दिवसांत साडेचार हजार मीटरवरच्या मानसरोवराकाठी असतो. परिक्रमेतली डोल्मा ला ही खिंड ५६०० मीटरच्या आसपास आहे. यात साठी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे कितीतरी जण असतात. जुलै २०१८ मध्ये हवामान बिघडलं, उड्डाणं थांबली आणि सुमारे दीड हजार भारतीय यात्रेकरू या पट्ट्यात अडकून पडले. भारतीय दूतावासानं आणि नेपाळी यंत्रणांनी विमानं-हेलिकॉप्टरं लावून त्यांना टप्प्याटप्प्यानं बाहेर काढलं. अशा प्रवासात रोजच्या औषधांचा किमान आठवडाभराचा जादा साठा हातातल्या पिशवीत हवा. मोठ्या बॅगेत ठेवलेला साठा कामाला येत नाही, कारण बॅग आणि माणूस नेमके वेगवेगळ्या मुक्कामांवर अडकतात.

एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला विमानतळाचंही तसंच. नोव्हेंबर २०११ मध्ये ढगांमुळे विमानं बंद राहिली आणि दोन हजारांहून अधिक पर्यटक तिथे दिवसचे दिवस अडकले. काठमांडूहून मुंबईचं विमान लुक्लाहून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घेणारा माणूस खाली येताना दोन दिवसांची वाट एका दिवसात कापायला बघतो. पाय मुरगळतात, गुडघे जातात ते याच घाईत.

आणि हीच घाई माणसाला वादळातही पुढे ढकलते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी, १४ तारखेला, त्याच्या उरलेल्या जोरानं अन्नपूर्णा परिक्रमेवरच्या ५४१६ मीटर उंच थोरोंग ला खिंडीत तुफान बर्फ पाडलं. वाटेवरच्या अनेकांपर्यंत इशारा पोचलाच नव्हता. खिंडीतल्या चहाच्या छोट्या खोपट्यात माणसं दाटीवाटीनं शिरली. काही तिथेच थांबली, काही वादळातच मुक्तिनाथच्या दिशेनं उतरायला लागली. उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना पुढची वाट दिसेना. त्या वादळात त्या भागात ४० हून अधिक माणसं गेली. खिंड ओलांडण्याच्या आदल्या संध्याकाळी लॉजमालकाला, वरून आलेल्या हमालांना आणि चौकीवर हवामान विचारणं हे प्रत्येकाचं काम आहे. तिथे दोन माणसं जरी ‘उद्या नको’ म्हणाली, तरी थांबायचं.

उतरण्याबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला जाऊन मॅटरहॉर्नचे फोटो काढणारे मराठी पर्यटक पुष्कळ आहेत. ४४७८ मीटरच्या त्या शिखरावर १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा माणूस पोचला. एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती. उतरताना त्यांतल्या सर्वांत कमी अनुभवी तरुणाचा पाय घसरला, तो पुढच्या वाटाड्यावर आदळला, दोघांनी आणखी दोघांना ओढलं आणि दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले. तुटलेल्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे, जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात आठ माणसं मरण पावली. त्या दिवशी काही जण परत फिरायची दुपारची वेळ टळून गेल्यावरही वरच जात राहिले होते. शिखरावर न पोचता मागे फिरायची वेळ सकाळी घड्याळ बघून ठरवावी. शिखर समोर दिसत असताना ती ठरवणं कुणालाही जमत नाही.

आल्प्समध्ये सहज म्हणून फिरायला जाणाऱ्यांनी तिथल्या पाट्या वाचायला शिकावं. स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे चांगले बूट आणि उंचीची भीती नसलेलं डोकं हवं. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की पुढे बर्फ, कडे, कातळ असू शकतात. केबल कारनं वर आलेल्या, साध्या स्नीकर्समधल्या कुटुंबानं तिथून मागे वळावं. पाटीवर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. ती सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर चालणाऱ्या माणसाची, आणि तीही विश्रांती न धरता. फोटो, डबा आणि मुलं धरून ती दीडपट करावी, म्हणजे शेवटची केबल कार चुकत नाही.

लोखंडी तार आणि पायऱ्या ठोकलेली, व्हिया फेराता नावाची कड्यावरची वाट आता पुष्कळांना खुणावते. तिथे कमरेच्या हार्नेसला दोन पट्टे आणि दोन कॅराबिनर असतात. तार जिथे खिळ्याला बांधलेली असते तिथे आधी एक काढून पुढच्या तारेत अडकवायचा, तो बसल्याचा आवाज ऐकायचा, मगच दुसरा सोडायचा. दोन्ही एकाच वेळी सुटलेले कधीच नसावेत. पट्टा धक्का शोषणाराच हवा. साधा दोर बांधून गेलेला माणूस पडला, तर तो झटका दोर आणि माणूस दोघांनाही सोसत नाही. आकाश गडगडलं तर लोखंडाजवळ थांबायचं नाही, आणि दुपारी गडगडणं आल्प्सच्या उन्हाळ्यात नेहमीचं.

विम्याची पॉलिसी निघण्याआधी चहा घेत नीट वाचावी. तीत तीन गोष्टी शोधायच्या: ट्रेकिंगला उंचीची मर्यादा आहे का, दोर लावून चढणं वगळलंय का, आणि हेलिकॉप्टरनं उचलण्याचा खर्च मिळतो का. हेलिकॉप्टर बोलवण्याआधी कंपनीच्या कोणत्या नंबरवर कळवायचं, तोही कागदावर लिहून घ्यावा. नेपाळमध्ये २०१८ साली सरकारी चौकशीत एक प्रकार पुढे आला. किरकोळ त्रास असलेल्या ट्रेकर्सना घाबरवून हेलिकॉप्टरनं खाली नेलं जात होतं आणि विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिलं वसूल होत होती. म्हणून आजारी माणसाशेजारी शांत डोक्याचा सोबती असावा. खरी गरज असेल तर त्यानं क्षणभरही थांबू नये, आणि नुसतंच डोकं दुखत असेल तर पायी खाली उतरण्याचा आग्रह धरावा.

युरोपात कुठूनही ११२ लावता येतो, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव पथक रेगाचा नंबर १४१४. फोन लागत नसेल तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. मिनिटाला तीन असा प्रतिसाद आला की खूण पोचली. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर तिरपे पसरून उभं राहायचं, म्हणजे मदत हवी. सामान आणि टोप्या दगडाखाली दाबून ठेवायच्या.

पण आपण कुठे आहोत हे कुणालाच ठाऊक नसेल तर काय होतं, तेही बघा. अमेरिकेत यूटा राज्यातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅरन राल्स्टन नावाचा गिर्यारोहक एकटा गेला. निसटलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातोय, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी त्यानं स्वतःच हात कापून सुटका करून घेतली. तो कामावर आला नाही म्हणून शोध सुरू झाला आणि चालत बाहेर पडताना तो पथकाला सापडला.

म्हणून निघताना घरी एक कागद ठेवावा. रोजचा मुक्काम, वाटाड्याचा आणि एजन्सीचा फोन, विम्याचा क्रमांक, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल करायची, हे त्यावर लिहिलेलं हवं. ही वेळ तिथली की भारतातली, तेही लिहावं. ती टळली की घरच्यांनी आधी एजन्सीला, मग विमा कंपनीला आणि मग दूतावासाला फोन करायचा, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारत बसायचं नाही. पासपोर्टची झेरॉक्स त्याच कागदाला टाचलेली असली, तर दूतावासातला अधिकारी विचारतो त्या पहिल्या तीन-चार प्रश्नांची उत्तरं फोनवरच देता येतात.