फिरतं घर, दांडगा कुत्रा आणि दह्याचं विरजण



मोटरहोम घेऊन, घरच्या कुत्र्यासकट, ब्रिटनमधून युरोपात फिरायला निघणाऱ्या मराठी मंडळींशी आज मला बोलायचं आहे. गाडी कोणती घ्यावी, गॅस किती भरावा, रात्री मुक्काम कुठे करावा, यातलं मी काही सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी पशुवैद्य. इकडे इंग्लंडमध्ये दवाखान्यात बसून कुत्र्यांच्या प्रवासाचे कागद करून देणारी. जून उजाडला की फोन सुरू होतात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. "डॉक्टर, पुढच्या शनिवारी निघतोय. गाडी तयार आहे, सामान भरलंय. कुत्र्याचं तेवढं करून द्या."

हे जे "तेवढं" आहे ना, त्याच्यासाठीच मी आजची ही दहा मिनिटं मागून घेतली आहेत.

मुद्दा एका ओळीचा आहे. आधी चिप, मग रेबीजचं इंजेक्शन, मग वाट. या क्रमानं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. नसेल तरी हरकत नाही, मी पुन्हा सांगणारच आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात दही लागतं. दूध आधी तापवायचं, मग कोमट होऊ द्यायचं, मग विरजण घालायचं आणि मग भांड्याला हात लावायचा नाही. कच्च्या दुधात विरजण घालून नंतर ते तापवायला ठेवलं तर काय होतं, हे मी कुणाला सांगायला नको. जिन्नस तेच, भांडं तेच, पण क्रम उलटला की दुधाचं मातेरं. कुत्र्याच्या कागदांचं अगदी तसंच आहे. चिप म्हणजे दूध तापवणं. इंजेक्शन म्हणजे विरजण. आणि त्यानंतरचे 21 दिवस म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेली रात्र.

असं का, ते सांगते. कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली बसवतात ती चिप म्हणजे 15 आकड्यांचा एक क्रमांक, दुसरं काही नाही. पण तो क्रमांक असल्याशिवाय रेबीजची लस नेमकी कोणत्या कुत्र्याला दिली, हे सीमेवरचा माणूस कशावरून ओळखणार? कार्डावर "टायगर, तपकिरी, नर" असं लिहिलेलं असतं. तपकिरी टायगर पुण्यातल्या एकेका सोसायटीत चार सापडतील. म्हणून नियम असा की चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस प्रवासासाठी धरतच नाहीत. लस खरी असते, कुत्र्याला तिचा उपयोगही होत असतो. पण कागदावर ती शून्य. चिप बसवल्यावर पुन्हा टोचायचं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

दिवस मोजण्यातही लोक गडबडतात. ज्या दिवशी इंजेक्शन दिलं तो दिवस शून्य. एक मोजायचा तो दुसऱ्या दिवसापासून. आणि पिल्लू किमान 12 आठवड्यांचं झाल्याशिवाय ही लस प्रवासासाठी चालत नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, "अहो, इंग्लंडात 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे. आम्हाला कशाला सांगता?" बरोबर आहे. इथे जन्मलेल्या पिल्लाची चिप आधीच झालेली असते. पण मी तुमच्या भावाबद्दल बोलतेय. तुमच्या मेहुणीबद्दल बोलतेय. ठाण्याहून, नाशिकहून, फोंड्याहून नोकरीसाठी इकडे किंवा जर्मनीत यायला निघालेलं कुटुंब, आणि त्यांचा लाडाकोडातला लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड. तिकडे वर्षाच्या वर्षाला रेबीजची लस नेमानं टोचलेली असते, कार्ड शिक्क्यांनी भरलेलं असतं. आणि चिप? चिप बसवतात व्हिसा हातात पडल्यावर. इथेच दूध नासतं.

भारतातून येणाऱ्या कुत्र्याला तर 21 दिवसांनीही भागत नाही. चिप, मग लस. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. टायटर टेस्ट म्हणतात तिला. त्यात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलिलिटरला किमान 0.5 युनिट निघायला हवीत. रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने हातात पाहिजेत. व्हिसा आल्यावर चिप बसवणाऱ्या कुटुंबाचं काय होतं, त्याचा हिशोब तुम्हीच करा. माणसं विमानात बसतात आणि कुत्रा आजोळी राहतो. म्हणून तिकडच्या नातेवाइकांना आज रात्रीच फोन करा. जायचं ठरो न ठरो, चिप आज बसवून घ्या म्हणावं. आधी चिप, मग इंजेक्शन, मग वाट.

दह्याची अजून एक गोष्ट आहे. आपण सगळं दही संपवत नाही. चमचाभर बाजूला ठेवतो, उद्याच्या विरजणाला. बूस्टर म्हणजे तो चमचा. आधीच्या लशीची मुदत संपायच्या आत बूस्टर दिला तर साखळी अखंड राहते, 21 दिवस पुन्हा थांबावं लागत नाही. एक दिवस जरी उलटला तरी तो चमचा गेला. मग शेजारी वाटी घेऊन जा, नवं विरजण आणा, रात्रभर थांबा. टायटर टेस्टचंही तसंच आहे. साखळी तुटली नाही तर ती पुन्हा करावी लागत नाही. म्हणून कार्डावर लस कधी दिली ती तारीख बघू नका, मुदत कधी संपते ती बघा.

आणि लागलेलं दहीसुद्धा फार दिवस ठेवून चालत नाही, आंबतं. ब्रिटनमधून युरोपीय संघात जायला प्राण्याचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं. 1 जानेवारी 2021 पासून इथला जुना पेट पासपोर्ट तिकडे चालत नाही. हे सर्टिफिकेट सरकारमान्य पशुवैद्यानंच द्यावं लागतं आणि युरोपात शिरण्याच्या आधीच्या 10 दिवसांतलं असावं लागतं. महिनाभर आधी करून ठेवलं तर वाया गेलं. आदल्या दिवशी करायला निघालात तर माझी अपॉइंटमेंट मिळायची नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात हे कागद सोपे करण्याच्या वाटाघाटी झाल्या आहेत. उद्या कागदाचं नाव बदलेल, रंग बदलेल. क्रम बदलणार नाही, कारण तो कागदासाठी नाही, रेबीजसाठी आहे. म्हणून पुन्हा सांगते. आधी चिप, मग इंजेक्शन, मग वाट.

मोटरहोमवाल्यांवर माझा थोडा राग आहे, तोही आज बोलून टाकते. तुमचं सगळं कसं, मनाला येईल तसं. गाव आवडलं की दोन दिवस राहिलो, नाही आवडलं तर निघालो. त्यासाठीच तर फिरतं घर घेतलं. मान्य. पण गाडीला तारखा नसल्या तरी गाडीतल्या कुत्र्याला असतात. आणि हे सगळ्यात जास्त भोवतं ते परतताना.

ब्रिटनमध्ये परत येण्याआधी कुत्र्याला पट्टकृमीचं औषध द्यावं लागतं. मध्य युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये एक पट्टकृमी आहे. तो कुत्र्यात येतो आणि कुत्र्यातून माणसाच्या यकृतात जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये तो नाही आणि येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. औषध पशुवैद्यानं द्यायचं, वेळ आणि तारीख घालून कागदावर नोंदवायचं, आणि ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या आधी कमीत कमी 24 तास, जास्तीत जास्त 120 तास. समजा, तुम्ही रविवारी संध्याकाळी सहाला इकडे उतरणार. तर औषध मंगळवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. मध्ये कुठेही. पण शनिवारी दुपारी फ्रान्समधल्या खेड्यात पशुवैद्य शोधत फिरू नका. 15 ऑगस्टच्या आसपास तर नकोच, त्या दिवशी तिथे सणाची सुट्टी असते. गुरुवार धरा. कुठे असाल ते आधी ठरवा. त्या गुरुवारी तरी मनाला येईल तसं नको.

दांडग्या कुत्र्याचं तर आणखी एक. हे औषध वजनावर असतं. पाच किलोच्या पॉमेरेनियनला गोळीचा तुकडा पुरतो. साठ किलोच्या सेंट बर्नार्डला मूठभर गोळ्या लागतात. डॉक्टरांना फोनवर वजन सांगून ठेवा, नाहीतर तेवढ्या गोळ्या दवाखान्यात असतीलच असं नाही. वजनावरून आठवलं. 1997 पासून ज्यांनी इथे कारची परीक्षा दिली, त्यांना साध्या लायसन्सवर पेट्रोल-डिझेलची एकूण 3500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. फिरतं घर स्वतःच त्यातला बराचसा भाग खातं. पाण्याची टाकी, सायकली, छत्री, खुर्च्या सगळं मोजता आणि साठ किलोचा कुत्रा मोजत नाही. तो काय हवेत तरंगतो? निघण्याआधी भरलेली गाडी त्याच्यासकट वजनकाट्यावर घाला.

त्याच्या खाण्याची गोणी तर सीमेवर अडते. मांस किंवा दूध असलेलं कुत्र्याचं खाणं ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्याचं खाणं असेल तर दोन किलोपर्यंत चालतं. दांडग्या कुत्र्याला दोन किलो म्हणजे दोन-तीन दिवस. म्हणून तिकडे सहज मिळेल असं खाणं निघायच्या आधी आठवडाभर हळूहळू मिसळायला लागा, नाहीतर पोट बिघडेल आणि ते बिघडेल फिरत्या घरात. पुढचं बोलत नाही, जेवायची वेळ असेल कुणाची.

जातीचंही बघा. फ्रान्समध्ये रॉटवायलरला रस्त्यावर साखळी आणि तोंडाला जाळी सक्तीची आहे. डेन्मार्कमध्ये 13 जातींवर बंदी आहे. जर्मनीत पिट बुलसारख्या काही जाती बाहेरून आणता येत नाहीत. तुमचा कुत्रा कितीही गरीब असला तरी तिथला पोलीस जात बघतो, स्वभाव बघत नाही. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम...

मला खूण झाली आहे. दोनच मिनिटं राहिली म्हणतात. दक्षिणेकडची वाळूमाशी, तिच्यापासून होणारा लीशमॅनिया, त्यासाठीचा गळपट्टा, हे सगळं सांगायचं होतं. स्पेन, इटलीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी काही आठवडे डॉक्टरांशी बोलून घ्या, एवढंच आता म्हणते. आणि उन्हात उभ्या गाडीत कुत्र्याला एकटं ठेवू नका. खिडकी उघडी असली तरी नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. मोठ्या, केसाळ कुत्र्याला तर मुळीच नाही. यावर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं.

पण आजच्या भाषणातलं एकच लक्षात राहायचं असेल तर ते कोणतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काही बोधवाक्य म्हणून ते सांगत नाही. दवाखान्याच्या टेबलापलीकडे मुलं रडताना बघते म्हणून सांगते. कुत्र्याला बिचाऱ्याला काही कळत नाही, तो शेपूट हलवत असतो. ज्याला कळतं त्यानं वेळेवर करायचं.

तर आता एक काम करा. रेडिओ बंद केलात की कुत्र्याचं कार्ड काढा. त्यावर दोन तारखा शोधा: चिप बसवल्याची आणि रेबीजच्या पहिल्या इंजेक्शनची. चिपची तारीख आधीची किंवा त्याच दिवशीची असेल आणि त्यानंतर एकही बूस्टर चुकला नसेल, तर खुशाल नकाशा उघडा. नसेल, तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि गाडीची तारीख पुढे ढकला. गाडी थांबते.