गुन्ह्यांचे प्रकार : व्याख्या आणि व्यवहार

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'दखलपात्र गुन्हा म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर आपणांपैकी बहुतेकांना पाठ असेल. ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, तो दखलपात्र. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. परंतु तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ याहून बराच मोठा आहे, आणि आज मला प्रामुख्याने त्याविषयी बोलावयाचे आहे.

गुन्ह्यांची विभागणी दोन रीतींनी होते. गुन्हा कशाविरुद्ध घडला, शरीराविरुद्ध, मालमत्तेविरुद्ध, राज्याविरुद्ध की सार्वजनिक शांततेविरुद्ध, ही पहिली रीत. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची प्रकरणे याच तत्त्वावर रचलेली आहेत. महिला व बालकांविरुद्धचे गुन्हे तेथे आता आरंभीच्या प्रकरणांत आले आहेत. दुसरी रीत कार्यपद्धतीची. गुन्हा घडल्यावर पोलीस, न्यायालय आणि आरोपी यांनी पुढे काय करावयाचे, हे ती ठरविते. ही विभागणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत कलमवार दिली आहे. परीक्षार्थी ही अनुसूची सहसा उघडून पाहत नाहीत. ती अवश्य पाहावी.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदविणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरते. अदखलपात्र गुन्ह्यात ठाणे अंमलदार केवळ नोंद करून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. महाराष्ट्रात बोलीभाषेत 'एन.सी. घेतली' म्हणतात ती हीच नोंद. साधी दुखापत, बदनामी, धाकदपटशाचे साधे प्रकार हे अदखलपात्र. खून, दरोडा, बलात्कार हे दखलपात्र. मारहाणीच्या तक्रारीत दुखापत साधी की गंभीर, हे लिहून घेणाऱ्याच्या एका शब्दावर अवलंबून असते आणि त्या शब्दावर तपास होणार की नाही, हे ठरते. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असून त्यांतील एक जरी दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजले जाते, ही तरतूद तक्रारदाराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नोंद टाळण्याची तक्रार आपल्याकडे जुनीच. उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाच्या प्रकरणात खबर नोंदविण्यास झालेली दिरंगाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली घटनापीठाने निर्णय दिला की, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद अनिवार्य आहे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार अशा मोजक्या प्रकारांत तेवढी प्राथमिक चौकशी करता येईल. नव्या संहितेच्या कलम १७३ ने यात थोडा फरक केला. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा मिळाली. त्याच कलमाने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घेण्याचे बंधनही घातले.

आता जामिनाकडे वळू. 'अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही', हा समज इतका रूढ आहे की तो सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, एवढाच भेद. शिवाय दखलपात्र आणि अजामीनपात्र या जोड्या नेहमी एकत्र चालत नाहीत. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे हा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. अन्य कायद्यांतील गुन्ह्यांबाबत मात्र अनुसूचीच्या दुसऱ्या भागात ढोबळ नियम आहे: शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर अदखलपात्र व जामीनपात्र, तीन वर्षे व त्यापुढे असेल तर दखलपात्र व अजामीनपात्र.

हक्क कागदावर असतो, जामीनदार मात्र शोधावा लागतो. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याचे प्रकरण या संदर्भात आवर्जून वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला, परंतु मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. एवढी रक्कम त्या काळी गवंड्याने कोठून आणावी? १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला. जामीनदार त्याच जिल्ह्याचा असावा, असे कोणता कायदा सांगतो, ही त्या निकालातील पृच्छा पोटासाठी दूर प्रांती गेलेल्या प्रत्येक मजुराच्या बाजूची आहे. आज कलम ४७८ नुसार, जामीनपात्र गुन्ह्यात एक आठवड्यात जामीनदार देऊ न शकणारा आरोपी निर्धन मानला जातो व त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे लागते. मुलाखतीत ही तरतूद सांगणारा उमेदवार मला क्वचित भेटला आहे.

समन्स खटला आणि वॉरंट खटला यांतील सीमा दोन वर्षांची: त्याहून अधिक कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा वॉरंट खटल्यात मोडतो. आपसात मिटविता येणारे गुन्हे कलम ३५९ मध्ये आहेत. काही पीडित व्यक्तीच्या संमतीने, काही न्यायालयाच्या परवानगीने मिटतात. मिटविल्याचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो.

नव्या संहितेतील एका बदलाकडे मात्र चिकित्सक दृष्टीने पाहावे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी, चोर प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवेच्या शिक्षेस पात्र आहे, आणि हा गुन्हा अनुसूचीत अदखलपात्र आहे. हेतू चांगला आहे; किरकोळ अपराधासाठी तरुणाला तुरुंग दाखवू नये. परंतु चोर पहिल्यांदाच दोषी ठरतो आहे की नाही हे तो सापडल्यावरच कळणार, आणि तपासावाचून तो सापडणार कसा? रोजंदारीवरच्या बाईचा चार हजारांचा मोबाईल गेला तर तिची तक्रार कोणत्या रकान्यात बसवायची, हा प्रश्न ठाण्यातील अंमलदारासमोर रोज उभा राहू शकतो.

शेवटी कलम ४७९. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत काढलेल्या आरोपीची सुटका व्हावी, हा नियम जुन्या संहितेतही होता. नव्या संहितेने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांनाही हा लाभ नाही. पात्र कैद्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. आपणांपैकी जे उद्या तुरुंग प्रशासनात जातील, त्यांच्या टेबलावर ही यादी येईल.