पाऊस आणि माळढोकाची वीण
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेतकऱ्याप्रमाणेच या तुटपुंज्या पावसावर भिस्त ठेवून माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला पक्षी म्हणजे माळढोक. नराच्या घुमणाऱ्या आवाजावरून जुनी माणसे त्याला हूम म्हणत.

मृगाच्या सरी पडल्या की माळ हिरवा होतो. कुसळी, पवन्या ही गवते वाढतात आणि त्यांत नाकतोडे व भुंगेरे माजतात. हाच माळढोकाचा सकस आहार. नर उंचवट्यावर गळ्याची पिशवी फुगवून मादीस साद घालतो. मादी उघड्या जमिनीवर, काडीचेही घरटे न करता, बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे २७ दिवस एकटीच उबवते. नराचा यात काडीमात्र वाटा नसतो.

एकच अंडे, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कोंबडीची दहातली चार अंडी गेली तरी सहा उरतात. येथे एक गेले की बहुधा त्या वर्षाचे सर्वस्व गेले. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर गवत खुरटते, किडे विरळ होतात आणि चाऱ्यासाठी मादीला अंडे सोडून दूर जावे लागते. तेवढ्यात कावळा, मुंगूस किंवा गावचे मोकाट कुत्रे डाव साधते. उलट, सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात. तो एकाएकी कोसळला तर खोलगट जागेतील अंडे पाण्यात जाते आणि नुकते बाहेर पडलेले पिल्लू भिजून गारठते. दुष्काळ आणि अतिवृष्टी, दोन्ही सारखीच घातक.

१९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज येथे चराई बंद करून गवताची कुरणे राखण्यात आली. हेतू चारा व वनीकरणाचा होता. लाभ माळढोकाला झाला. १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, तेही सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे! त्यात शेते आणि गावेही आली. लोकांची नाराजी अकारण नव्हती. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. मधल्या काळात मात्र पाणी आले, ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस व द्राक्षे उभी राहिली, आणि पक्षी घटतच गेला. देशात आज माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असून बहुतेक जैसलमेर भागात आहेत; महाराष्ट्रात तो क्वचितच दिसतो. जैसलमेरजवळ सम येथे २०१९पासून अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले वाढविली जात आहेत.

पावसावर ग्रामसभेचा ठराव चालत नाही. चराई व मोकाट कुत्री यांबाबत मात्र तो करता येतो. जुलै ते ऑक्टोबर राखीव कुरणात मेंढरे सोडू नयेत. माळावर अंडे आढळल्यास जवळ न जाता, गर्दी न जमविता, वनरक्षकास तत्काळ कळवावे. माणसामुळे उठलेली मादी परतेपर्यंत ते अंडे उघडेच असते.