संपत्ती व्यवस्थापन कोणासाठी?



मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका मावशींनी रंगीत कागद माझ्यापुढं धरला. "पोरी, हे वेल्थ मॅनेजमेंट म्हंजी काय गं? तो माणूस म्हणतो, पैसा आमच्याकडं द्या, आम्ही वाढवतो." मावशी आणि काका पाच-सहा महिने कारखान्याला ऊस तोडून नुकतेच गावी आले होते. उचल फिटून हातात ४० हजार उरले होते.

वेल्थ मॅनेजमेंट म्हणजे संपत्तीचं व्यवस्थापन. ज्याच्याकडं भरपूर पैसा, मालमत्ता, शेअर आहेत, त्याचा पैसा कुठं गुंतवायचा, कर किती, वारसांना काय द्यायचं, हे सगळं फी घेऊन बघणारी ही सेवा. त्यातलीच एक पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. तिच्यात कमीत कमी ५० लाख रुपये लागतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा तसा नियमच आहे. तिथं तोटाही होतो, आणि तो सोसायची ताकद लागते.

मग ४० हजारांसाठी हा माणूस मावशींच्या दारात का आला? हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

मी हे ठेच लागली म्हणून सांगते. आपल्या बीड जिल्ह्यात मल्टीस्टेट पतसंस्थांत कितीतरी ठेवीदारांचे पैसे अडकले. माझ्या सासूबाईंचे दीड लाखही अशाच एका संस्थेत अडकले. व्याज जास्त म्हणून फॉर्म मीच भरला होता. बीए झालेली मी, पण ठेवीला विमा आहे का, हे विचारलं नाही. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागतं.

व्यवस्थापन आपल्यालाही लागतं, पण आपल्या मापाचं. मावशींचा हिशोब आम्ही बैठकीतच मांडला. १५ हजारांचं सावकाराचं कर्ज आधी फेडलं. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एवढं व्याज खात्रीनं देणारी ठेव कुठंच नाही, म्हणून कर्ज फेडणं हीच पहिली कमाई. १० हजार दुखण्याखुपण्यासाठी बँकेच्या बचत खात्यात ठेवले. उरलेले १५ हजार पोस्टात वर्षाच्या मुदत ठेवीत, मावशींच्या नावावर, नॉमिनी लेक. सल्ल्याची फी एक कप चहा.

तुमच्या दारात कोणी आलं, तर तीन गोष्टी विचारा. सल्ला देणार असाल तर सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवा. ठेव घेणार असाल तर तिला विमा आहे का? आणि पैसे परत कधी, कसे मिळणार, ते लिहून द्या. "आजच सही करा" म्हणाला, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

कागद घेऊन बैठकीला या. वाचू आपण मिळून.