हार्वेस्टरची पारख दाण्यावरून

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शेतकरी मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या की गावोगावच्या पारावर एक चर्चा हमखास रंगते. यंदा हार्वेस्टर कोणते बोलवावयाचे? कोणी करतारची बाजू घेतो, कोणी प्रीतची, कोणी स्वराजची. भंडारा-गोंदियाकडचा पाहुणा आलेला असेल तर तो धानाच्या ओल्या बांधीत न रुतणाऱ्या पट्ट्याच्या यंत्राचे गुण गातो. 'आमचे यंत्र दाणा फोडत नाही', 'तुमचे मागे फार सांडते', 'त्याचे डिझेल जास्त लागते', अशी विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात. यांतील प्रत्येक विधान शेतावर मोजून पाहता येण्याजोगे आहे आणि तरीही ते क्वचितच मोजले जाते. आज मला बोलावयाचे आहे ते याच विसंगतीविषयी.

मी कृषितज्ञ नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे. जाणकारांकडून माहिती घ्यावी आणि ती सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचवावी, एवढेच माझे काम. पण या विषयात मला धडा मिळाला तो घरच्याच शेतात.

घरचा अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने मला विचारले, "दादा, तू जिल्हाभर फिरतोस. कोणत्या कंपनीचे हार्वेस्टर चांगले?" चार ठिकाणी ज्याची स्तुती ऐकली होती ते नाव मी बिनदिक्कत सांगून टाकले. यंत्र आले, एका दुपारी शेत मोकळे झाले, घरात समाधान पसरले. त्याच सोयाबीनमधून भावाने पुढच्या वर्षाचे बियाणे ठेवले. जून महिन्यात पेरणी झाली आणि तासांमध्ये उगवण इतकी विरळ झाली की दुबार पेरणीवाचून गत्यंतर उरले नाही. प्रथम पावसाला दोष दिला, नंतर बियाण्याला आणि शेवटी त्या कंपनीला.

कृषी विभागातील एका सहकाऱ्याला मी ही हकीकत सांगितली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मळणीच्या वेळी ड्रमचा वेग किती होता? दाण्यात ओलावा किती होता? आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की, शेजारच्या गावात त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्राने काढलेले सोयाबीन बियाणे म्हणून उत्तम उगवले होते. नाव एकच होते. फळ मात्र भिन्न मिळाले.

नाव एक, फळे अनेक

कापणी आणि मळणी एकाच यंत्रात करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हायरम मूर यांनी १८३० च्या दशकात असे यंत्र तयार केले. ते घोडे ओढीत असत. आपल्या देशात पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने १९८० मध्ये 'स्वराज' नावाने स्वयंचलित हार्वेस्टर बाजारात आणले. पुढे पंजाबच्या पटियाला जिल्ह्यातील नाभा, भादसों या गावांत हा व्यवसाय बहरला. तेथील यंत्रे पिकांच्या मागोमाग राज्याराज्यांतून फिरत आपल्या शिवारात येतात.

कंपनी कोणतीही असो, यंत्राच्या पोटातील काम सारखेच असते. पुढचे फिरते रील पीक आत ओढते, पाते ते कापते, ड्रम व त्याखालची जाळी यांमध्ये मळणी होते, चाळणी व पंखा दाणा स्वच्छ करतात आणि भुसकट मागे पडते. या प्रत्येक भागाची मांडणी पिकानुसार बदलावी लागते. ड्रमचा वेग वाढला की दाणा फुटतो. जाळीतील अंतर वाढले की शेंगा न फुटता मागे जातात. पंखा जोरात असला की भुसकटाबरोबर दाणे उडतात. रील गरजेपेक्षा वेगाने फिरले की वाळलेल्या शेंगा पात्यापाशीच तडकतात. सोयाबीनच्या सर्वांत खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. पाते थोडे वर राहिले की त्या झाडाच्या बुडख्यावर तशाच राहतात.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. आपल्याकडे भाडे बहुधा एकरावर ठरते. दिवसभरात जितके एकर जास्त, तितकी मालकाची मिळकत जास्त. म्हणून चालकाला घाई असते. आणि यंत्र वेगाने हाकले की मळणीवर ताण येऊन मागे सांडणारे धान्य वाढते. सकाळी दवामुळे शेंगा चिवट असतात, भर दुपारी त्या तडकतात. तेव्हा एका यंत्राने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी काढलेल्या पिकाची तुलना करून कंपन्यांचे गुणदोष ठरविणे न्यायाचे होणार नाही. शेत, वाण, दिवस व वेळ एकच असेल तरच तुलना खरी.

याचा अर्थ सर्व यंत्रे सारखीच, असा मात्र नव्हे. बांधणी, पात्याची रुंदी, मळणीची पद्धत, वजन, इंधनाचा खर्च यांत फरक असतातच. ते फरक पडताळून पाहावेत आणि मगच बोलावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दाणे मोजण्याची रीत

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी, चार खुंट्या आणि सुतळी पुरे.

कापणीपूर्वी उभ्या पिकात १ चौरस मीटर जागा आखावी आणि आधीच गळून पडलेले दाणे मोजावेत. हा यंत्राचा दोष नव्हे. यंत्र काही अंतर गेल्यावर त्याच्या मागे, पात्याच्या पूर्ण रुंदीएवढी आडवी पट्टी आखावी. पात्याची रुंदी ४ मीटर असेल तर पाव मीटर लांबीची पट्टी घेतली की बरोबर १ चौरस मीटर होतो. भुसकट नीट झाडून त्या पट्टीतील सुटे दाणे व शेंगांतील दाणे मोजावेत. त्यांतून आधी गळलेले दाणे वजा करावेत. अशा तीन ठिकाणांची सरासरी काढावी.

आता हिशेब पाहू. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरले आणि चौरस मीटरला १०० दाणे सांडलेले आढळले, तर एकरी सुमारे ४८ किलो सोयाबीन मातीत गेले. एकरी उत्पन्न ८ क्विंटल असेल तर १०० किलोंमागे हे ६ किलो होतात. भाड्याच्या दरात थोड्या रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या ४८ किलोंकडे दुर्लक्ष करावे काय?

दोष नेमका कोठे आहे हेही कळू शकते. यंत्र थांबवून काही मीटर मागे घ्यावयास सांगावे. जेथे पाते फिरले पण भुसकट पडले नाही, त्या जागी सांडलेले दाणे पात्याचे व रीलचे. मागच्या पट्टीत त्याहून जे जास्त, ते मळणीचे व चाळणीचे. एवढे कळले की चालकाला "यंत्र खराब आहे" असे म्हणण्याऐवजी "रील जरा हळू करा", "पंखा कमी करा" असे सांगता येते. बहुतेक चालक कसबी असतात; आकडा दाखविला की ते ऐकतात.

बियाण्याची काळजी

सोयाबीनचे कवच फार नाजूक. टाकीतील मूठभर दाणे हातावर घेऊन फुटके किती ते पाहावे. पण न फुटलेल्या दाण्यालाही आत इजा झालेली असू शकते. म्हणून बियाण्यासाठी ठेवावयाचे सोयाबीन वेगळे काढावे. दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना आणि मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेरे ठेवून त्याची मळणी करावी, असा सल्ला दिला जातो. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडून, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावेत. सहा-सात दिवसांनी ७० किंवा अधिक निरोगी कोंब आले तर बियाणे योग्य समजावे. आमच्या घरी ही चाचणी केली असती तर दुबार पेरणी टळली असती.

पिकाच्या बाजूनेही संशोधन चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला हरभऱ्याचा 'फुले विक्रम' हा उंच वाढणारा वाण यंत्राने काढण्यास सोयीचा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस १४०७' या सोयाबीन वाणाच्या शेंगा जमिनीपासून सुमारे ७ सेंटिमीटर वर लागतात व सहसा तडकत नाहीत. हा वाण मुख्यत्वे पूर्वेकडील राज्यांसाठी आहे. पीक आणि यंत्र यांचा मेळ घालण्याची ही दिशा होय.

चाचणीचा कागद

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचे शेतकरी आमदार होते. विकत घेतलेल्या ट्रॅक्टरने त्यांना मनस्ताप दिला. त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला आणि तेथे विकावयाच्या ट्रॅक्टरची विद्यापीठाकडून चाचणी करून घेणे, तसेच सुटे भाग उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. एका शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याचे रूपांतर सार्वजनिक मोजमापात झाले, हे या घटनेचे महत्त्व.

आपल्याकडेही मध्य प्रदेशातील बुदनी आणि हरियाणातील हिसार येथील केंद्र शासनाच्या संस्थांत कृषियंत्रांची चाचणी होते. त्यांच्या अहवालांत धान्याची नासाडी, दाण्यांची फूट, इंधनाचा खर्च यांचे आकडे दिलेले असतात. यंत्र विकत घेऊ इच्छिणाऱ्या गटाने विक्रेत्याकडे हा अहवाल अवश्य मागावा. आणि ऐन हंगामात सुटे भाग किती तासांत मिळतील, हेही विचारावे.

आपण काय करावे

ग्रामपंचायतीने गावात आलेल्या प्रत्येक हार्वेस्टरची नोंद एका साध्या वहीत ठेवावी: यंत्र, पीक, तारीख, वेळ, ड्रमचा वेग, चौरस मीटरला सांडलेले दाणे, बंद पडलेले तास. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दाणे मोजवून घ्यावेत व गोणपाटावरची चाचणी शाळेत करावी. गणिताचा आणि विज्ञानाचा याहून जिवंत धडा कोणता? अधिकाऱ्यांनी चाचणी अहवालांतील मुख्य आकडे मराठीत करून चावडीवर लावावेत. भाडे ठरवितानाच दाणे मोजण्याची अट शेतकऱ्यांनी चालकाला सांगावी.

दोन-तीन हंगामांची वही तयार झाली की पारावरची चर्चा थांबणार नाही; ती थांबूही नये. पण त्या वेळी कोणी म्हणेल, "आमचे यंत्र चांगले", तर दुसरा विचारील, "चौरस मीटरला किती दाणे?" माझ्या भावाने आता हा प्रश्न विचारावयास सुरुवात केली आहे. मला मात्र तो कंपनीचे नाव पुन्हा विचारीत नाही, आणि ते योग्यच आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.