उमेदवारीची दोन वर्षे



आजच्या विषयाची सुरुवात एका जुन्या शब्दापासून करतो. उमेदवारी. हा शब्द कानावर पडला की आज आपल्याला निवडणूक आठवते, नाहीतर लोकसेवा आयोगाचा अर्ज. माझ्या आजोबांच्या तोंडी 'अमक्याचा मुलगा कचेरीत उमेदवारी करतो' असं वाक्य यायचं, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असे. तो मुलगा बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर एखाद्या जाणत्या कारकुनाशेजारी बसून काम शिकत असे. दप्तर कसं लावायचं, पत्राचा मायना कसा लिहायचा, कुठल्या कागदाची घाई करायची आणि कुठला पुन्हा तपासायचा, हे पुस्तकात नव्हतं. ते शेजारी बसूनच उचलावं लागे.

एम.ए., एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी.ची वर्षं या जुन्या अर्थानं उमेदवारीची असायला हवीत. आपल्याकडे ती फक्त नव्या अर्थानं उमेदवारीची उरली आहेत. मुलगा विभागात प्रवेश घेतो, वसतिगृहात खोली मिळवतो, अभ्यासिकेत जागा धरतो आणि सेट-नेटची किंवा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडतो. विद्यापीठ त्याच्यासाठी स्टेशनवरच्या प्रतीक्षालयासारखं होतं. मी तीस वर्षं भूगोलाच्या विभागात शिकवलं आणि अशा शेकडो मुलांना जवळून पाहिलं. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या घरी कोरडवाहू चार एकर आणि धाकटी दोन भावंडं आहेत, त्यानं नोकरीच्या परीक्षेकडे डोळे लावावेत यात गैर काही नाही. पण दोन वर्षं ज्या आवारात तो राहिला, तिथे शिकण्याच्या आणि काम मिळवण्याच्या किती वाटा होत्या हे त्याला कुणी दाखवलंच नाही, याचं दुःख मला आजही आहे.

अशा वाटा आपल्याकडे पूर्वी होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपली ही व्याख्यानमालाही त्याच वंशातली. पण रानडे विद्यार्थी असताना काय करत होते? ते एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो होते. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना पुण्यात दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी अमलात त्या पैशाचा उपयोग हळूहळू बदलत गेला. संस्कृत पाठशाळेला काही रक्कम गेली, मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी काही गेली, आणि पुढे कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळू लागली. हा पैसा मराठी पुस्तकांसाठी वापरावा, अशी मागणी करणाऱ्यांच्या बाजूला १८४९च्या सुमारास लोकहितवादी आणि जोतीराव फुले उभे होते, आणि त्याबद्दल त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. दक्षिणा फेलोनं स्वतःचा पुढचा अभ्यास करायचा आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवायचं, अशी पद्धत होती. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या पदवीधरांपैकी, आणि दोघंही दक्षिणा फेलो. पहिल्या पदवीधरांच्या पिढीलाच आपण शिकता शिकता शिकवण्याची संधी आणि त्याचे पैसे, दोन्ही दिले होते.

आता आजचा नियम ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत असं म्हटलं आहे की प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं. शिवाय त्याला आठवड्याला चार ते सहा तास सहायक म्हणून काम देता येईल. त्यात लहान गटांना शिकवणं, प्रयोगशाळा सांभाळणं, उत्तरपत्रिका तपासणं असं सगळं आलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या दक्षिणा फेलोची रीत आपण नियमात पुन्हा लिहिली. तुमच्या ओळखीच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विचारा, हे चार तास त्याला मिळतात का. बऱ्याच ठिकाणी उत्तर असं येतं की 'सर सुटीवर गेले की वर्ग मी घेतो.' वर्ग घेणं वेगळं आणि शिकवायला शिकणं वेगळं. कुणी मागच्या बाकावर बसून तुमचा तास ऐकला आणि नंतर चहा पिताना सांगितलं की तू फळ्याकडे तोंड करून बोलतोस, तर ते शिकणं. हे सांगणारा माणूस मिळाला नाही, तर पुढे मुलाखतीत दहा मिनिटांचा पाठ द्यायची वेळ येते तेव्हा पाय कापतात.

संधी होती आणि माणसानं ती ओळखली, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, घरी पैशाची चणचण. अशा वेळी कुणीही आपल्या विषयापुरतं शिकून पदवी पदरात पाडून घेतली असती. बाबासाहेब मात्र इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा वर्गांना जाऊन बसत होते. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, मे १९१७मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. दुसऱ्या विभागाची पायरी चढणं, जाणकारांसमोर निबंध वाचणं आणि मग तो छापणं, या तीन गोष्टी त्यात आहेत. व्यावसायिक विकास म्हणून आज जे काही सांगितलं जातं त्याचा गाभा या तीन गोष्टींत येतो. आमच्या विद्यापीठात भूगोलाच्या इमारतीपासून अर्थशास्त्राची इमारत चालत पाच मिनिटांवर होती. दोन वर्षांत तिथे एकदाही न गेलेले माझे विद्यार्थी निम्म्याहून अधिक असतील. 'सर, आपल्याला चालतं का तिथे बसलेलं?' असं ते विचारत. चालतं. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षासुद्धा खुली असते, तिथेही जाऊन बसता येतं. आपला विषय दुसऱ्याला प्रश्न विचारल्यावर कसा उभा राहतो, हे पाहायला त्याहून चांगली जागा नाही.

हा 'चालतं का' प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे, कारण तो माझाही होता. मी तालुक्याच्या कॉलेजातून एम.ए.ला आलो. त्या वर्षी देहरादूनच्या हवाई छायाचित्रांच्या प्रशिक्षणाचं परिपत्रक आमच्या विभागात आलं होतं. ते फलकावर लागलं नाही, कपाटात राहिलं. मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कागदाच्या शोधात ते मला दिसलं. आमच्या वर्गातल्या एकाला ते वेळेत कळलं होतं, कारण त्याचे काका दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापक होते. तो गेला, चांगलं शिकून आला, आणि मला त्याचा हेवा नव्हता. पण त्या दिवशी मला कळलं की आपल्याकडे संधीची वाट ओळखीच्या घरांतून जाते. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर आहे त्याला परिपत्रक म्हणजे काय हेही कळायला एक वर्ष जातं. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा आलेला प्रत्येक कागद वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा नियम मी शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. व्हॉट्सॲपवर टाकणं पुरत नाही. वाचावं लागतं, आणि 'हे तुझ्यासाठी आहे' असं एकेकाकडे बघून म्हणावं लागतं.

आता 'कमवा आणि शिका' योजनेकडे येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत स्वकष्टाच्या शिक्षणाची जी रीत घातली, तिच्यावर आपल्या विद्यापीठांतली ही योजना उभी आहे. मला ती महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणातली सर्वात प्रामाणिक योजना वाटते. पण तिच्यात मुलांना कुठलं काम मिळतं? बाग, टपाल, कार्यालयातली किरकोळ कामं. श्रमाला मी कमी लेखत नाही. माझ्या वर्गात जत तालुक्यातून आलेली एक मुलगी होती, सकाळी बागेत काम करून वर्गाला यायची. तिला मी आमच्या नकाशाखोलीत मागून घेतलं. तिथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटांचे गठ्ठे वर्षानुवर्षं पडून होते. काही एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाची, काही नंतरची पन्नास हजारांत एक या प्रमाणाची. कोकणापासून सोलापूरकडच्या पट्ट्यापर्यंत बराच मुलूख ४७ क्रमांकाच्या मालिकेत येतो. त्या मालिकेतली शीटं क्रमानं लावायची, फाटलेल्यांना कापड चिकटवायचं, प्रत्येकाची नोंद करायची, हे तिचं काम. तासाचे पैसे तेवढेच, बागेतले होते तेवढे.

पहिला महिना ती फक्त धूळ झटकत होती. तिसऱ्या महिन्यात मला येऊन म्हणाली, 'सर, जुन्या शीटवर आमच्या गावाजवळ तीन ओढे आहेत, नव्यावर दोनच दाखवलेत. एक कुठे गेला?' तिचा प्रकल्प तिथे सुरू झाला. जुनी शीटं स्कॅन करून ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर बसवायला ती स्वतः शिकली, सुटीत गावी जाऊन ओढ्याच्या पात्रात उभं राहून आली. एम.ए. झाल्यावर पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला घेतलं, आणि मुलाखतीत तिनं दाखवलं ते गुणपत्रक नव्हतं, ती नोंदवही होती. एवढं एक उदाहरण माझ्याजवळ नसतं तर आज मी इथे बोलायला उभा राहिलो नसतो. प्रत्येक विद्यापीठात अशा नकाशाखोल्या आहेत. वनस्पतिशास्त्रात वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत, इतिहासात मोडीची दप्तरं आहेत, ग्रंथालयात नोंदणीवाचून पडलेले मासिकांचे अंक आहेत. कमवा आणि शिकातले निम्मे तास अशा कामांकडे वळवले, तर योजनेच्या नावातला 'शिका' हा शब्द खरा होईल.

नव्या अभ्यासक्रमानं एक दार उघडलं आहे, त्याचीही आठवण करून देतो. २०२३-२४ पासून आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला आहे, चार श्रेयांकांचा. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. कल्पना उत्तम. पण मुलाला जागा शोधून देणारं कुणी नसेल, तर तो ओळखीच्या दुकानातून किंवा कार्यालयातून शिक्क्याचं प्रमाणपत्र आणतो. हे मी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. खऱ्या कामाच्या जागा आपल्याकडे आहेत. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातच १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणूनच तिची रचना आहे, सुटीतले विद्यार्थी-कार्यक्रम तिथे होतात. शेजारी रेडिओ खगोलभौतिकीचं केंद्र, त्याच्या दुर्बिणी नारायणगावजवळ खोडदला. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी विश्वकोशाची ज्ञानमंडळं आहेत. एका नोंदीसाठी शब्द तोलून लिहायला शिकलेला मुलगा पुढे कुठेही लिहू शकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हस्तलिखितं ताडून पाहायला माणसं तिथे त्या कामावरच शिकली.

संशोधक विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे लागू नका. प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही अट २०२२च्या नियमावलीनं काढून टाकली आहे. ते पैसे प्रवासाला ठेवा. आपल्या विषयातल्या एका चांगल्या परिषदेला जा, निबंध वाचा, शिव्या खा, परत येऊन तो सुधारा. फेलोशिप मिळते त्यांनी तर हे केलंच पाहिजे. आणि एक पत्र लिहायला शिका. अनोळखी माणसाला एका पानाचं पत्र: मी कोण, काय करतो आहे, तुमचं काम मी कुठे वाचलं, मला काय हवं आहे. 'रिस्पेक्टेड सर, काइंडली गाइड मी' एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही. नेमकं विचारलं तर दहांतले तीन जण देतात, आणि तीन पुरेसे असतात.

शेवटी या सभागृहात बसलेल्यांकडे येतो. इथे वकील आहेत, सीए आहेत, निवृत्त अभियंते आहेत, दवाखाने आणि छापखाने चालवणारे आहेत, शेतीमालाचा व्यापार करणारे आहेत. चार श्रेयांकांच्या प्रशिक्षणासाठी जागा शोधत फिरणारी मुलं तुमच्याच जिल्ह्यात आहेत. वर्षाला दोन विद्यार्थी घ्या. शिक्का मारून पाठवू नका, शेजारी बसवा आणि खरं काम द्या. जूनमध्ये विद्यापीठं उघडतील. त्याआधी जवळच्या विभागाच्या प्रमुखांना फोन करा आणि सांगा, माझ्याकडे दोन जागा आहेत.